क्रिस क्रिस्टोफरसन : कंट्री गीतकार ते चित्रपटातला नट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिस क्रिस्टोफरसन नेमका कोण होता?

अमेरिकेतल्या कंट्री संगीताची, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या संगीताची, भाषा बदलून टाकणाऱ्या मोजक्या गीतकारांपैकी तो एक होता, आणि त्याच वेळी सत्तरच्या दशकातल्या हॉलिवूडचा नायकही होता. त्याचा जन्म २२ जून १९३६ रोजी टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल या मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या गावी झाला. २८ सप्टेंबर २०२४ रोजी हवाईमधल्या माउई बेटावर, वयाच्या ८८ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याला प्रथम गाण्यांतून ओळखणारे लोक त्याच्या चित्रपटांना जोडधंदा समजतात आणि त्याला फक्त ‘ब्लेड’मधला दाढीवाला म्हातारा म्हणून पाहिलेल्या तरुण प्रेक्षकांना तो गात असे हे ऐकूनच नवल वाटते. या दोन्ही गटांकडून येणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

ऑक्सफर्डला शिकलेला लष्करी अधिकारी नॅशव्हिलमध्ये फरशी पुसायला का गेला?

कारण त्याला गाणी लिहायची होती, आणि गाणी विकली जात ती नॅशव्हिलमध्ये. वडील हवाई दलातले वरिष्ठ अधिकारी असल्यामुळे घरातले वळण लष्करी होते. पोमोना कॉलेजात शिकल्यानंतर त्याला ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात त्याने इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. विल्यम ब्लेक हा त्याचा आयुष्यभराचा आवडता कवी होता, आणि मुष्टियुद्धही तो तितक्याच आवडीने खेळत असे. पुढे लष्करात तो हेलिकॉप्टरचा वैमानिक झाला, जर्मनीत राहिला, कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. १९६५ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवण्याची नेमणूक समोर असताना त्याने राजीनामा दिला. घरच्यांना हा वेडेपणा वाटला आणि आईने तर त्याच्याशी संबंधच तोडले.

नॅशव्हिलमध्ये त्याला कोलंबिया रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत सफाई कामगाराची नोकरी मिळाली. १९६६ साली बॉब डिलन त्याच इमारतीत ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ ध्वनिमुद्रित करत होता, तेव्हा क्रिस्टोफरसन तेथे ॲशट्रे रिकामे करत होता. एवढ्यावर घर चालेना, तेव्हा लुइझियानाच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर कामगारांना ने-आण करणारी हेलिकॉप्टरे तो उडवू लागला. एक आठवडा समुद्रावर काढायचा आणि पुढच्या आठवड्यात नॅशव्हिलला येऊन प्रकाशकांचे उंबरे झिजवायचे, असा हा क्रम होता. त्याची पुढे सर्वतोमुखी झालेली काही गाणी या काळातली आहेत, आणि ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’ तर तेलाच्या फलाटावरच लिहिले गेले.

त्याने जॉनी कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवले होते, ही गोष्ट खरी आहे का?

उतरवले होते, हे खरे. बाकीचा तपशील मात्र सांगणाऱ्यागणिक वाढत गेला आहे. टेनेसीतल्या हेंडरसनव्हिल येथे कंट्रीचा नामांकित गायक असलेल्या कॅशचे तळ्याकाठी घर होते आणि क्रिस्टोफरसन त्या वेळी नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलात उड्डाणे करत असे. एका हातात बिअर आणि दुसऱ्या हातात गाण्याची टेप घेऊन तो हेलिकॉप्टरमधून बाहेर आला, असे कॅश रंगवून सांगत असे. क्रिस्टोफरसनचे म्हणणे असे, की हेलिकॉप्टर चालवायला दोन्ही हात लागतात आणि कॅश त्या वेळी घरातही नव्हता. आपल्यासारख्याच एका लोकप्रिय माणसाने आपल्याविषयी पसरवलेली दंतकथा त्याने आयुष्यभर हसत हसत दुरुस्त केली, पण ती कोणी दुरुस्त होऊ दिली नाही.

त्याची गाणी इतरांनीच जास्त गाजवली, असे का म्हणतात?

कारण ते बहुतांशी खरे आहे. ‘मी अँड बॉबी मगी’ प्रथम रॉजर मिलरने १९६९ साली म्हटले, पण ते जगभर पोहोचले जॅनिस जॉप्लिनच्या आवाजात. तिच्या मृत्यूनंतर, १९७१ च्या मार्चमध्ये, ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ‘फॉर द गुड टाइम्स’ रे प्राइसने लोकप्रिय केले, ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’ सॅमी स्मिथने, आणि ‘संडे मॉर्निंग कमिंग डाउन’ जॉनी कॅशने.

या शेवटच्या गाण्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण त्याच्या अभिनयाची किल्ली मला तेथे सापडते. रविवारच्या सकाळी रात्रीची दारू उतरलेला एक एकटा माणूस उठतो, मळक्या कपड्यांच्या ढिगातून त्यातल्या त्यात स्वच्छ शर्ट काढतो आणि रस्त्यावर येतो. कुठून तरी कोंबडी तळल्याचा वास येतो, रविवारच्या शाळेतल्या मुलांचे गाणे कानावर पडते. घटना म्हणाल तर यात एकही नाही. दुःखाचे नावही न घेता केवळ वस्तू एकापुढे एक मांडत जाणे, ही त्याची रीत होती. कॅश आपल्या दूरदर्शन कार्यक्रमात हे गाणे म्हणणार होता, तेव्हा नशेचा उल्लेख असलेला एक शब्द बदलावा असा वाहिनीचा आग्रह होता. कॅशने तो शब्द तसाच म्हटला. १९७० साली कंट्री म्युझिक असोसिएशनने ते वर्षातले सर्वोत्कृष्ट गीत ठरवले.

चित्रपटांत त्याचा शिरकाव कसा झाला?

आधी चित्रपट त्याच्या गाण्यांत शिरला, असे म्हणायला हरकत नाही. ‘मी अँड बॉबी मगी’मधली सगळे गमावून मोकळा झालेल्या माणसाची कल्पना त्याला फेलिनीच्या ‘ला स्त्रादा’ या चित्रपटाच्या शेवटावरून सुचली होती, असे त्याने स्वतः सांगितले आहे. त्या शेवटात अँथनी क्विन रात्री समुद्रकाठी एकटाच रडतो.

१९७० साली लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडूर या क्लबात तो गाऊ लागला. ही जागा चित्रपटवाल्यांच्या उठण्याबसण्यातली असल्यामुळे त्यांचे लक्ष त्याच्याकडे लगेच गेले. डेनिस हॉपरने पेरूमध्ये चित्रित केलेल्या ‘द लास्ट मूव्ही’त (१९७१) त्याला छोटे काम दिले आणि पुढच्याच वर्षी ‘सिस्को पाइक’मध्ये तो थेट नायक झाला. उतरणीला लागलेला गायक, पूर्वी गांजा विकणारा, आणि त्याला पुन्हा त्याच धंद्यात ढकलणारा भ्रष्ट पोलीस, अशी ती कथा होती. पोलिसाच्या भूमिकेत जीन हॅकमन होता. अभिनयाचा एकही वर्ग न केलेल्या माणसाला पहिल्याच मोठ्या कामात हॅकमनसमोर उभे राहावे लागले, आणि तो वाहून गेला नाही, एवढे तरी मान्य करावेच लागते.

तो खरोखर अभिनय करत असे, की पडद्यावर नुसताच वावरत असे?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि बहुधा थोड्या कुत्सितपणे विचारला जातो. त्याचे सरळ उत्तर असे, की तो मोठ्या पल्ल्याचा नट नव्हता. आवाज बदलणे, चाल बदलणे, वेगळ्याच माणसाच्या कातडीत शिरणे, हे त्याला जमत नसे आणि त्याने ते फारसे करून पाहिलेही नाही. त्याला ऐकून घेता येत असे. समोरचे पात्र बोलत असताना त्याच्या चेहऱ्यावर आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या नटाची अस्वस्थता नसते, आणि ही गोष्ट शिकवून येणारी नाही.

मार्टिन स्कोर्सेसीच्या ‘ॲलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोर’मध्ये (१९७४) हे नीट पाहता येते. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन गाणे शोधत निघालेली आणि अखेर ॲरिझोनातल्या टूसान गावी खाणावळीत वेट्रेस झालेली ॲलिस, आणि तेथे जेवायला येणारा डेव्हिड नावाचा घटस्फोटित शेतकरी, अशी ही जोडी आहे. डेव्हिड तिच्या मुलाला गिटार शिकवतो, पोराशी त्याचे जमते, आणि मग मुलाच्या वाढदिवसाला संगीतावरूनच खटका उडून तो त्याला फटका मारतो. या क्षणी क्रिस्टोफरसन ना खलनायक होतो, ना पश्चात्तापाचा आव आणतो. एक बरा माणूस आपल्या मर्यादेपाशी येऊन थांबला आहे, एवढेच दिसते. शेवटी भर खाणावळीत, गिऱ्हाइकांच्या देखत, तो ॲलिसला सांगतो की तुला (गायला म्हणून ती निघाली होती त्या) माँटेरेला जायचे तर जाऊ, शेताचे माझे काही नाही. हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हटले असते तर नाटकी झाले असते. एलन बर्स्टिनला या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, आणि तिला इतके बरे खेळता आले यात समोरच्या माणसाच्या स्वस्थपणाचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

ज्या दिग्दर्शकांनी त्याच्याकडून बोलण्यापेक्षा ऐकण्याचे काम करून घेतले, त्यांचे चित्रपट टिकले. ज्यांनी देखणा चेहरा, निळे डोळे आणि दाढी एवढ्यावर पैसे लावले, त्यांचे बहुतेक विसरले गेले. त्याची गाणी जशी वस्तूंची नावे घेऊन गप्प बसतात, तसाच तो पडद्यावरही चांगला दिसतो तो गप्प बसलेला असतानाच.

जाता जाता एक गंमत. स्कोर्सेसीच्याच ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये (१९७६) नायक ट्रॅव्हिसला त्याची मैत्रीण क्रिस्टोफरसनच्या गाण्यातल्या ओळी ऐकवते आणि तो जाऊन त्याची रेकॉर्ड विकत घेतो. चित्रपटात स्वतः नसतानाही तो असा हजर आहे.

छत्तिशीतल्या माणसाला बिली द किडची भूमिका कशी दिली?

खरा बिली, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतला तो कुप्रसिद्ध बंदूकबाज, १८८१ साली न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनर येथे मारला गेला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता, हे खरे आहे. पण दिग्दर्शक सॅम पेकिनपाला ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’मध्ये (१९७३) पोरगेला बंडखोर नको होता. आपला काळ संपला हे कळूनही पळून न जाणारा माणूस त्याला हवा होता. मेक्सिकोतल्या दुरांगो येथे झालेल्या या चित्रीकरणात बॉब डिलननेही छोटी भूमिका केली आणि संगीत दिले. सात वर्षांपूर्वी ज्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी याने सफाई केली होती, तोच डिलन आता याच्या चित्रपटात दुय्यम पात्र होता. स्टुडिओने पेकिनपाला न विचारता चित्रपट कापला आणि त्यामुळे प्रदर्शनाच्या वेळी तो विस्कळीत वाटला. १९८८ साली दिग्दर्शकाच्या मूळ आराखड्याच्या जवळ जाणारी प्रत बाहेर आल्यावर त्याची प्रतिष्ठा वाढली.

‘ए स्टार इज बॉर्न’मधली भूमिका आधी एल्विस प्रेस्लीला देऊ केली होती का?

होय. चित्रपटाची नायिका बार्ब्रा स्ट्रायसँड आणि निर्माता जॉन पीटर्स यांनी लास व्हेगासमध्ये एल्विसची भेट घेतली होती, पण त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्कर याच्याशी बोलणी जुळली नाहीत. भूमिका क्रिस्टोफरसनकडे आली. दारूपायी संपत चाललेला रॉक गायक आणि त्याच्या मदतीने पुढे येऊन त्याच्याही पलीकडे जाणारी गायिका, ही कथा हॉलिवूडने आधीही सांगितली होती. या वेळी नायकाचे काम करणारा माणूस स्वतःच त्या दारूच्या वाटेवर बराच पुढे गेला होता. ॲरिझोनातल्या टेंपी येथील स्टेडियममध्ये हजारो खऱ्या प्रेक्षकांसमोर मैफिलीचे दृश्य चित्रित झाले, आणि सेटवरची भांडणे वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली. चित्रपट १९७६ च्या अखेरीस आला, तुफान चालला आणि क्रिस्टोफरसनला गोल्डन ग्लोब मिळाला. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर मेलेला स्वतःचा देह पाहून आपल्या मुलांचा विचार मनात आला आणि आपण दारू सोडली, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले.

‘हेवन्स गेट’ने त्याची कारकीर्द संपवली, हे कितपत खरे आहे?

नायक म्हणून संपवली, नट म्हणून नाही. वायोमिंगमधले मोठे पशुपालक आणि नव्याने आलेले गरीब युरोपीय वसाहतकार यांच्यात १८९२ साली झालेल्या संघर्षावर मायकेल चिमिनोने हा चित्रपट काढला. ‘द डीअर हंटर’च्या यशानंतर त्याला आवरणारे कोणी उरले नव्हते. ठरलेल्या अंदाजपत्रकाच्या कितीतरी पट, म्हणजे सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत जेमतेम ३५ लाख डॉलर परत आले. नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला साडेतीन तासांहून मोठा चित्रपट दाखवल्यावर समीक्षकांनी त्याची लाही लाही केली, तो मागे घेतला गेला, आणि कापून पुन्हा आणला तरी चालला नाही. चित्रपटाला पैसा पुरवणारी, चार्ली चॅप्लिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१९ साली स्थापन केलेली युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी पुढच्याच वर्षी विकली गेली.

तोट्याचा ठपका दिग्दर्शकावर येतो तसा पोस्टरवरच्या चेहऱ्यावरही येतो, आणि तो चेहरा याचा होता. या चित्रपटातले त्याचे काम मात्र वाईट नाही. हार्वर्डला शिकलेला पण श्रीमंतांच्या बाजूला न जाणारा जेम्स ॲव्हरिल हा अधिकारी त्याच्या स्वतःच्या आयुष्याशी इतका जुळतो, की पुष्कळदा तो काही न करताही पटतो. २०१२ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची दुरुस्त प्रत दाखवली गेली आणि त्याविषयीचे मत बरेच निवळले. क्रिस्टोफरसनच्या वयाची चाळिशी-पन्नाशी मात्र तोवर निघून गेली होती.

त्यानंतर त्याने काय केले?

मिळेल ते केले, असे म्हटले तरी चालेल. दूरदर्शनपट, मालिका, पाश्चात्त्य साहसपट, आणि आज कोणाला आठवत नाहीत असे बरेच चित्रपट. १९९६ साली जॉन सेल्सच्या ‘लोन स्टार’ने त्याला पुन्हा उभे केले. टेक्सासच्या सीमेवरच्या एका गावाजवळ वाळवंटात जुना सांगाडा आणि शेरीफचा बिल्ला सापडतो, आणि चाळीस वर्षांपूर्वी नाहीसा झालेल्या चार्ली वेड या शेरीफची कथा उलगडत जाते. लाच खाणारा, वंशद्वेष्टा, हसत हसत गोळी घालणारा हा माणूस क्रिस्टोफरसनने साकारला. त्याचा तोच शांत स्वर येथे अंगावर काटा आणतो, कारण या वेळी त्या शांतपणामागे काहीच माणुसकी नाही. ब्राउन्सव्हिलमध्ये वाढलेल्या माणसाला अशा गावातले असे शेरीफ कोणी समजावून सांगावे लागले नसतील.

‘ब्लेड’मधली भूमिका त्याने कशी स्वीकारली?

‘ब्लेड’ (१९९८) हा कॉमिक पुस्तकावरचा रक्तपिपासूंचा चित्रपट आहे आणि त्यात वेस्ली स्नाइप्सच्या नायकाला शस्त्रे बनवून देणारा व्हिस्लर हे त्याचे पात्र. ते तिन्ही भागांत आले आणि एका संपूर्ण नव्या पिढीला तो त्यामुळेच माहीत झाला. यापेक्षा जास्त या प्रश्नात शोधू नये.

चित्रपटांमुळे त्याचे गाणे मागे पडले का?

पडले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या नव्या रेकॉर्डींकडे पूर्वीसारखे लक्ष गेले नाही, आणि त्यांत पहिल्या दोन-तीन संग्रहांची धारही नव्हती. पण जुनी गाणी कामाला येत राहिली. विली नेल्सनने १९७९ साली केवळ याच्याच गाण्यांचा संग्रह काढला. १९८५ साली जॉनी कॅश, वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन आणि क्रिस्टोफरसन या चौघांनी मिळून ‘हायवेमन’ हा संग्रह केला, त्याचे शीर्षकगीत कंट्रीच्या यादीत पहिले आले, आणि पुढच्या वर्षी हे चौघेही ‘स्टेजकोच’ या दूरदर्शनपटात एकत्र दिसले. गाण्यातून चित्रपटात गेलेला माणूस आपल्या मित्रांनाही कॅमेऱ्यासमोर घेऊन आला होता. २००४ साली त्याचा कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

त्याला ऑस्कर मिळाले का?

नाही. एकदा नामांकन मिळाले, तेही अभिनयासाठी नव्हे, तर ‘साँगरायटर’ (१९८४) या चित्रपटातल्या गाण्यांसाठी. त्या वर्षी प्रिन्सच्या ‘पर्पल रेन’ने बाजी मारली.

गाण्यातून चित्रपटात जाणारा तो एकटाच कंट्री गायक होता का?

अजिबात नाही. तीसच्या दशकापासून जीन ऑट्री आणि रॉय रॉजर्स हे गाणारे काउबॉय पडद्यावर होतेच, पण ते प्रत्येक चित्रपटात आपल्याच नावाचा, आपल्याच घोड्यावर बसलेला माणूस साकारत. डॉली पार्टनने ‘नाइन टू फाइव्ह’मध्ये (१९८०) आपले ठसठशीत व्यक्तिमत्त्व जसेच्या तसे नेले आणि ते तिला शोभले. ड्वाइट योकमने ‘स्लिंग ब्लेड’मध्ये (१९९६) बायकामुलांना छळणारा दारुडा इतका किळसवाणा केला, की अभिनयाचा पल्ला पाहायचा असेल तर मी योकमला क्रिस्टोफरसनच्या वर ठेवीन. रीबा मॅकेंटायर हिने स्वतःच्या नावाची विनोदी मालिका सहा वर्षे चालवली. उलट दिशेचा प्रवास पाहायचा असेल, तर ‘कोल मायनर्स डॉटर’मध्ये (१९८०) कंट्री गायिका लोरेटा लिन झालेल्या अभिनेत्री सिसी स्पेसेकने सगळी गाणी स्वतः म्हटली आणि ऑस्कर नेले.

त्याचा भारताशी काही संबंध आला का?

थेट नाही, पण एक दुवा मुंबईपर्यंत येतो. ‘अ सोल्जर्स डॉटर नेव्हर क्राइज’ (१९९८) हा चित्रपट मर्चंट-आयव्हरी यांचा. निर्माता इस्माईल मर्चंट हा मुंबईचा, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेला, आणि योगायोगाने क्रिस्टोफरसनच्याच वर्षी, १९३६ साली जन्मलेला. जेम्स आयव्हरीचे दिग्दर्शन आणि पटकथेत रूथ प्रवर झाबवाला, अशी ही नेहमीची मंडळी. कादंबरीकार जेम्स जोन्स याच्यावर बेतलेला, पॅरिसमध्ये राहणारा, मुलीशी बरोबरीच्या नात्याने बोलणारा आणि हृदयविकाराने हळूहळू थकत जाणारा लेखक त्याने येथे साकारला आहे. ‘ब्लेड’ आणि हा चित्रपट एकाच वर्षातले आहेत. पहिला हजारो लोकांनी पाहिला असेल तर दुसरा शेकड्यांनी, पण घरातला बाप म्हणून त्याने केलेले हे सर्वांत चांगले काम आहे.

नव्याने पाहायला आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

आधी १९७० सालचा पहिला संग्रह ऐकावा. आवाज खडबडीत आहे, आपण बेडकासारखे गातो असे तो स्वतःच म्हणत असे, तेव्हा सुरेलपणाची अपेक्षा बाजूला ठेवावी. मग ‘ॲलिस’, त्यानंतर ‘लोन स्टार’, आणि सवड असेल त्या दिवशी ‘हेवन्स गेट’ची पूर्ण लांबीची प्रत. ‘कॉन्व्हॉय’सारखा ट्रकवाल्यांचा गोंधळ वेळ जात नसेल तेव्हा पाहावा. शेवटी ईथन हॉकने दिग्दर्शित केलेला ‘ब्लेझ’ (२०१८) पाहावा. तोवर क्रिस्टोफरसनची स्मरणशक्ती बरीच क्षीण झाली होती. ब्लेझ फॉली या फारसा नावारूपाला न आलेल्या कंट्री गायकाच्या म्हाताऱ्या बापाची छोटी भूमिका त्याने त्यात केली आहे, आणि तो बाप जवळजवळ काहीच बोलत नाही.